द्रावण मधासारखं दाट, तरी आतले रेणू मोकळे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पॉलिव्हिनिल पायरोलिडोन, म्हणजे आपल्या बोलण्यातलं पीव्हीपी, लांब साखळीच्या रेणूंचा एक पॉलिमर, चार द्रावकांत विरघळवलं: पाणी, इथेनॉल, इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी-इथेनॉलचं मिश्रण. व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, शेकडो पटींनी वाढली, द्रावण बाटलीतून ओतायला वेळ लागू लागला. पण डायइलेक्ट्रिक मापनात, म्हणजे उलटसुलट होणाऱ्या विद्युतक्षेत्रात रेणू किती लवकर वळतात ते पाहताना, द्रावकाचं गिगाहर्ट्झमधलं शिखर जेमतेम सरकलं. शिवाय मेगाहर्ट्झच्या भागात एक बुटकं, रुंद शिखर दिसलं, पाण्यातल्या द्रावणात तर नीट दिसलंही नाही. ते पॉलिमरचं की पॉलिमरला चिकटलेल्या पाण्याचं, हे कळेना. गाईड म्हणतात मापन चुकलं असेल.

मापन बहुधा बरोबर आहे. व्हिस्कॉसिटी पाहून रेणूच्या गतीचा अंदाज बांधायची सवय आपल्या सगळ्यांना लागलेली असते, आणि हायड्रोजन बंधांच्या द्रवांत (जिथे एका रेणूच्या हायड्रोजनला शेजारचा रेणू सैलसर धरून ठेवतो) ती हमखास फसवते. या द्रवांत द्रावकाचा रेणू काय किंवा पॉलिमरच्या साखळीचा छोटा तुकडा काय, दोघेही एका गोष्टीची वाट पाहत असतात: जुना हायड्रोजन बंध सुटून नवा जुळण्याची. ती वाट किती वेळ पाहावी लागते हे व्हिस्कोमीटर सांगत नाही. तुमच्या चारही द्रावणांचा अर्थ मी याच एका धाग्याने लावतो.

आधी शिखर काय सांगतं ते पक्कं करू. विद्युतक्षेत्र लावलं की ध्रुवीय रेणू (एक टोक थोडं धन, दुसरं थोडं ऋण असलेले) त्या दिशेला वळू पाहतात. क्षेत्र वेगाने उलटसुलट होऊ लागलं की एका वारंवारतेला ते मागे पडतात, आणि तिथे ऊर्जेचा ऱ्हास सर्वांत जास्त होतो. पीटर डिबाय यांनी हे गणित मांडलं, १९२९ च्या त्यांच्या पुस्तकात ते सविस्तर आहे. शिखराची वारंवारता म्हणजे एक भागिले (२ × π × रिलॅक्सेशन काळ), आणि रिलॅक्सेशन काळ म्हणजे रेणूला वळायला लागणारा वेळ. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा हा काळ सुमारे ८.३ पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग), म्हणून शिखर १९ गिगाहर्ट्झच्या आसपास. मेथॅनॉलचा ५० पिकोसेकंदांच्या जवळपास, इथेनॉलचा १६० च्या, १-प्रोपॅनॉलचा ३३० च्या. इथेनॉलचं शिखर त्यामुळे एक गिगाहर्ट्झजवळ येतं आणि प्रोपॅनॉलचं त्याच्याही निम्म्यावर.

आता या यादीत इथिलीन ग्लायकॉल घाला. त्याची व्हिस्कॉसिटी २५ अंशांना सुमारे १६ मिलिपास्कल-सेकंद आहे, १-प्रोपॅनॉलची दोनच्या आत. म्हणजे ग्लायकॉल आठपट दाट. पाठ्यपुस्तकातलं स्टोक्स-आइनस्टाइन-डिबाय सूत्र सांगतं की फिरण्याचा काळ व्हिस्कॉसिटीच्या प्रमाणात वाढतो, आणि दोन्ही रेणूंचा आकार जवळपास सारखाच आहे. तर ग्लायकॉल आठपट मंद असायला हवं. प्रत्यक्षात त्याचा रिलॅक्सेशन काळ शंभर ते दीडशे पिकोसेकंदांच्या घरात आहे, म्हणजे प्रोपॅनॉलच्या निम्म्याहून कमी. दाट द्रवातला रेणू पातळ द्रवातल्या रेणूपेक्षा लवकर वळतो. मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात ही दोन मापनं करायला लावतो. हा धक्का स्वतःच्या हातांनी बसला की पुढचं समजावणं सोपं जातं.

कारण मोजून पाहता येतं. एक लिटर द्रवात हायड्रॉक्सिल गट किती, याचा हिशेब करा. पाण्यात ५५ मोल रेणू, आणि प्रत्येकाला देण्यासारखे दोन हायड्रोजन. इथिलीन ग्लायकॉलमध्ये सुमारे ३६ मोल गट, मेथॅनॉलमध्ये साडेचोवीस, इथेनॉलमध्ये सतरा, १-प्रोपॅनॉलमध्ये तेराच्या थोडं वर. एकच हायड्रॉक्सिल गट असलेल्या अल्कोहोलांत हा आकडा जसा उतरतो तसा रिलॅक्सेशन काळ चढतो. ग्लायकॉल प्रोपॅनॉलपेक्षा लवकर का वळतं, याचं उत्तरही इथेच मिळतं: रेणू मोठा असला तरी त्याच्या आजूबाजूला नवे जोडीदार भरपूर आहेत.

मंगळागौरीचा झिम्मा डोळ्यांसमोर आणा. एकीच्या हातावर टाळी देऊन दुसरीकडे वळायचं, पण दुसरीचा हात समोर आला तरच. बायका दाटीने उभ्या असतील तर झिम्मा भराभर चालतो. त्याच अंगणात निम्म्याच बायका खेळत्या असतील आणि बाकीच्या मधेमधे नुसत्या उभ्या असतील, तर प्रत्येकीला पुढचा हात सापडेपर्यंत ताटकळावं लागतं. प्रोपॅनॉलमधल्या कार्बनच्या शेपट्या म्हणजे या नुसत्या उभ्या असलेल्या बायका. पाण्याबद्दल हे चित्र आता नुसती उपमा राहिलेलं नाही. २००६ मध्ये लाज आणि हाइन्स यांनी संगणकीय सिम्युलेशनमधून दाखवलं की पाण्याचा रेणू हळूहळू घसरत फिरत नाही. त्याचा हायड्रोजन जुन्या जोडीदाराकडून नव्याकडे सुमारे ६० अंशांची एकदम उडी घेतो, आणि नवा जोडीदार जवळ आल्याशिवाय ती उडी होत नाही.

आणखी एक पुरावा मला फार आवडतो, कारण तो अगदी साधा आहे. जड पाण्याचा (हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेल्या) रेणू साध्या पाण्यापेक्षा जेमतेम ११ टक्के जड. पण त्याचा रिलॅक्सेशन काळ सुमारे १०.४ पिकोसेकंद, म्हणजे २५ टक्के जास्त. नुसत्या वजनाने हे होत नाही. ड्युटेरियमचा बंध जरा घट्ट असतो, सुटायला उशीर करतो, म्हणून हे होतं.

आता पॉलिमरकडे येऊ. पीव्हीपी तुमच्या प्रयोगासाठी फार चांगली निवड आहे, आणि का ते लक्षात ठेवा. त्याच्या प्रत्येक एककावर पायरोलिडोनचं कडं लटकतं, आणि त्या कड्यावर कार्बोनिल गट असतो. तो हायड्रोजन बंध घेऊ शकतो, देऊ शकत नाही. त्यामुळे पीव्हीपीची साखळी स्वतःशी किंवा शेजारच्या साखळीशी हायड्रोजन बंध जुळवू शकत नाही. जे काही बंध आहेत ते द्रावकाने दिलेले. पॉलिव्हिनिल अल्कोहोल घेतलं असतं तर साखळी आपापसातही गुंतली असती आणि मग कुठला परिणाम कशाचा हे वेगळं करताना नाकी नऊ आले असते. पीव्हीपी १९३० च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर रेपे यांनी जर्मनीत तयार केलं, दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रवाला पर्याय म्हणून ते सैनिकांना टोचलं गेलं, आणि आज जखमेवर लावायच्या तपकिरी पोव्हिडोन-आयोडीनच्या बाटलीत ते घरोघरी आहे. बिनविषारी, पाण्यात विरघळणारं, अल्कोहोलातही विरघळणारं. एकच पॉलिमर इतक्या वेगवेगळ्या हायड्रोजन बंधांच्या द्रवांत विरघळतो, हे भाग्यच म्हणायचं.

तुमच्या मेगाहर्ट्झमधल्या शिखराचा खरा मालक कोण, हे एका प्रयोगाने ठरवता येतं. के-१५, के-३० आणि के-९० असे तीन रेणुभारांचे नमुने घ्या (आकडा जितका मोठा तितकी साखळी लांब), वजनाने तेवढीच टक्केवारी ठेवा. व्हिस्कॉसिटी प्रचंड बदलेल. के-९० चं १० टक्के पाण्यातलं द्रावणसुद्धा पाण्याच्या शेकडो पट दाट असतं. आता शिखर पाहा. ते जागच्या जागी राहिलं, तर ते साखळीच्या स्थानिक हालचालीचं आहे, संपूर्ण साखळीच्या फिरण्याचं नाही. असंच व्हायला हवं, कारण पीव्हीपीचा द्विध्रुव, म्हणजे धन-ऋण टोकांची जोडी, साखळीला आडवा आहे. स्टॉकमायर यांनी १९६७ मध्ये पॉलिमरांचे द्विध्रुव कसे जोडलेले असतात त्यावरून वर्ग पाडले. साखळीच्या लांबीच्या दिशेने बेरीज होत जाणारे द्विध्रुव असले, उदाहरणार्थ नैसर्गिक रबराच्या सिस-पॉलिआयसोप्रीनमध्ये असतात तसे, तर संपूर्ण साखळीचं फिरणं दिसतं आणि ते रेणुभारावर अवलंबून असतं. आडवे असले तर साखळीच्या काही एककांचं पिळणं-उलगडणंच दिसतं. रेणुभार वाढला की लांब साखळ्या एकमेकींत अडकतात आणि द्रावण दाट होतं, पण चार-सहा एककांच्या तुकड्याला त्या लांबच्या गाठींचा पत्ताही नसतो.

मग त्या तुकड्याला अडवतं काय? दोन गोष्टी. एक, साखळीतला बंध फिरवताना ओलांडावा लागणारा स्वतःचा ऊर्जेचा चढ. दुसरी, आजूबाजूच्या द्रावकाचं घर्षण. क्रॅमर्स यांनी १९४० मध्ये या दोन्हींचा मेळ घालणारं सूत्र दिलं. चढ ओलांडायचा वेग घर्षणाच्या व्यस्त प्रमाणात, असं ते म्हणतं. घर्षणाच्या जागी बाहेरून मोजलेली व्हिस्कॉसिटी टाकली तर मात्र घोटाळा होतो. पॉलिआयसोप्रीनवर १९९० च्या सुमारास एडिगर यांच्या गटाने साध्या, हायड्रोजन बंध नसलेल्या द्रावकांत मोजलं, तेव्हा स्थानिक हालचालीचा काळ व्हिस्कॉसिटीच्या पहिल्या घाताने नव्हे, सुमारे ०.४ घाताने वाढताना दिसला. म्हणजे साध्या द्रावकातही हे नातं सैल आहे. हायड्रोजन बंधांच्या द्रावकांत तर मापाची पट्टीच बदलते.

तुमच्या चार द्रावणांत पीव्हीपीच्या शिखराचा काळ आडव्या अक्षावर व्हिस्कॉसिटी घेऊन आखा, मग तोच काळ द्रावकाच्या रिलॅक्सेशन काळापुढे आखा. दोन आलेख शेजारी ठेवा. दुसऱ्या आलेखात बिंदू ओळीत यायला लागतील, पहिल्यात ग्लायकॉल हट्टाने बाहेर बसेल. पीव्हीपी आणि अल्कोहोलांच्या मिश्रणांवर जपानच्या तोकाई विद्यापीठात शिन्याशिकी आणि यागिहारा यांनी वर्षानुवर्षं याच पद्धतीने काम केलं आहे. द्रावकाचं शिखर आणि साखळीचं शिखर वेगवेगळं ओळखून दोघांच्या गतीचं नातं लावणं हा त्या कामाचा कणा आहे. मला त्यातून मिळालेली समज अशी: कार्बोनिलला धरून बसलेला द्रावकाचा हात सुटला, की साखळीच्या तुकड्याला हलायला क्षणभर जागा मिळते. तुकडा मोठा असल्याने एका सुटकेत भागत नाही, अशा अनेक सुटका लागतात, म्हणून साखळीचा काळ द्रावकाच्या काळापेक्षा कितीतरी जास्त. पण सुटकांचा ठेका द्रावकच ठरवतो.

आता व्हिस्कॉसिटीच्या फसवणुकीचं दुसरं टोक: द्रावकाचं शिखर न सरकणं. बी.एस्सी.ला तुम्ही साल्ट ब्रिज केला असेल. अगारच्या जेलीत पोटॅशियम क्लोराइड, काचेच्या वाकड्या नळीत भरलेलं. नळी उलटी केली तरी जेली पडत नाही, म्हणजे व्हिस्कॉसिटी अनंतच म्हणा. तरी त्यातून विद्युतप्रवाह साध्या द्रावणाइतकाच सुखाने जातो. आयन आणि पाणी जाळीच्या भोकांतून जवळपास मोकळ्या पाण्यासारखे फिरतात. घरात पाहायचं तर तांदळाची पेज आणि साखरेचा पाक शेजारी ठेवा, दोन्ही सारखेच दाट वाटतील असे. पेजेत दाटपणा आला तो थोड्याशा लांब साखळ्यांनी. मधलं पाणी बहुतांश आपल्याच जगात आहे. पाकात मात्र साखरेचे छोटे रेणू सगळीकडे पसरलेले, प्रत्येकावर आठ हायड्रॉक्सिल गट, आणि जवळपास प्रत्येक पाण्याच्या रेणूला साखरेचा शेजार. तिथे पाणी खरोखर मंद होतं. दाटपणा सारखा, रेणूंची स्थिती अगदी वेगळी.

तुमच्या द्रावणाचाही हिशेब करू. २० टक्के पीव्हीपी पाण्यात: पीव्हीपीच्या एककाचा भार १११, म्हणजे २० ग्रॅममध्ये ०.१८ मोल एककं. ८० ग्रॅम पाणी म्हणजे ४.४४ मोल. दर एककामागे पाण्याचे सुमारे २५ रेणू. त्यातले कार्बोनिलला थेट बंध देणारे दोनेक. बाकीचे एकमेकांशीच बोलत आहेत. शिखर कसं सरकणार? थोडं सरकतं, थोडं रुंदावतं, इतकंच. इथेनॉलमध्ये हेच प्रमाण दर एककामागे दहाच्या आत येतं, कारण रेणू मोठा. त्यामुळे तिथे वजनाने तेवढ्याच पीव्हीपीचा परिणाम जास्त दिसेल. तुलना करताना वजनाचे टक्के सोडून एककामागे रेणू किती हे माप घ्या. निम्मे वाद तिथेच मिटतात.

यावरून 'बद्ध पाणी' या शब्दाकडे येतो. या शब्दावर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. शब्द ऐकला की पॉलिमरला गोंदाने चिकटवल्यासारखं पाणी डोळ्यांपुढे येतं. साध्या तापमानाला विरल द्रावणात असं काही नसतं. पॉलिमरजवळचं पाणी मोकळ्या पाण्यापेक्षा काही पटींनी मंद असतं, दहा-वीस-तीस पिकोसेकंदांत वळतं आणि जागाही बदलतं. हायड्रोजन बंधाची ताकद साधारण २० किलोजूल प्रति मोल, खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा अडीच. म्हणजे बंध आठपट भक्कम, पण अभेद्य नव्हे. तो टिकतो तो पिकोसेकंदांच्या हिशेबात. त्यामुळे मेगाहर्ट्झमधलं शिखर, म्हणजे काही नॅनोसेकंदांची हालचाल, सरळ 'बद्ध पाणी' म्हणून शोधनिबंधात लिहू नका. रेणुभाराची चाचणी, जड पाण्याची चाचणी, आणि द्रावक बदलून पाहणं, या तिन्हींतून जाऊ द्या. इथेनॉलमध्येही तेच शिखर असेल तर ते पाण्याचं कसं असेल?

खात्रीच हवी असेल तर न्यूट्रॉनचा रस्ता आहे. साधा हायड्रोजन न्यूट्रॉनना सुमारे ८० बार्नच्या असंगत छेदाने विखुरतो (बार्न हे अणुकेंद्राच्या विखुरण्याच्या क्षमतेचं एकक), ड्युटेरियम फक्त दोनच्या आसपास. द्रावक ड्युटेरियमचा घेतला की तो जवळजवळ अदृश्य होतो आणि फक्त पॉलिमर दिसतो. मुंबईजवळ ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीवर अशा अर्धलवचिक न्यूट्रॉन विकिरणाची सोय आहे. तुमच्या गाईडना विचारून सहकार्याचा प्रस्ताव जरूर पाठवा.

मिश्र द्रावकाचा तुमचा चौथा नमुना सर्वांत रंजक आहे. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर इथेनॉल घाला, शंभर होत नाहीत, साधारण ९६ होतात. व्हिस्कॉसिटीही दोघांपेक्षा जास्त: पाण्याची ०.८९, इथेनॉलची १.०८ च्या जवळ, आणि वजनाने ४५ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असताना ती २.४ पर्यंत चढते. पण रिलॅक्सेशन काळ असा मधे चढून उतरत नाही. पाण्याच्या ८ पासून इथेनॉलच्या १६० पर्यंत तो चढतच जातो. म्हणजे इथेही व्हिस्कॉसिटी आणि रेणूचं वळणं दोन वेगळ्या वाटांनी जातात. आणि दोन वेगळे द्रव मिसळूनही मुख्य शिखर एकच दिसतं, दोन नाही. ही एकच गोष्ट पुरेशी बोलकी आहे: पाणी आणि इथेनॉल आपापलं वेगळं वळत नाहीत, एकाच जाळ्यात एकमेकांचे हात धरून वळतात. पीव्हीपी टाकल्यावर मात्र द्रावकाचं हे एक शिखर आणि साखळीचं दुसरं अशी दोन राहतात, कारण साखळीचे तुकडे आपसांत कार्बन-कार्बनच्या खऱ्या रासायनिक बंधांनी बांधलेले आहेत, त्यांना द्रावकाच्या गतीने धावता येत नाही.

मिश्र द्रावक पॉलिमरशी किती विचित्र वागू शकतो याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पॉलि-एन-आयसोप्रोपिल अॅक्रिलमाइड. थंड पाण्यात ते सुरेख विरघळतं, सुमारे ३२ अंशांवर गेलं की द्रावण दुधाळ होतं. मेथॅनॉलमध्येही छान विरघळतं. पण पाण्यात थोडं मेथॅनॉल घातलं की दुधाळ होण्याचं तापमान खाली उतरतं, आणि रेणुसंख्येने एक तृतीयांशाच्या आसपास मेथॅनॉल असताना शून्याच्याही खाली जातं. दोन चांगले द्रावक मिळून एक वाईट द्रावक झाला. कारणांवर अजून जोरदार वाद चालू आहेत. पाणी आणि मेथॅनॉल एकमेकांत इतके रमतात की साखळीला विसरतात, असं एक मत. मेथॅनॉलचे रेणू साखळीच्या दोन भागांमध्ये पूल बांधतात, असं दुसरं. माझा कल दोन्हींपैकी एकाकडे पूर्ण नाही. पण पाणी-इथेनॉलमध्ये पीव्हीपी मापताना तुम्हीही मधल्या प्रमाणांत बिंदू दाट घ्या. दर दहा टक्क्यांना एक असं न करता १० ते ४० टक्क्यांत दर तीन-चार टक्क्यांना एक.

मापनाच्या बाबतीत काही गोष्टी निक्षून सांगतो, कारण या विषयात वर्षं वाया जातात ती सिद्धांतामुळे नव्हे, ओलाव्यामुळे.

पीव्हीपी हवेतलं पाणी भसाभस ओढतं. पावसाळ्याच्या दमट हवेत वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक सहज. असं दहा टक्के ओलं पीव्हीपी २० ग्रॅम घेऊन ८० ग्रॅम कोरड्या इथेनॉलमध्ये घातलं, तर दोन ग्रॅम पाणी आत गेलं, म्हणजे इथेनॉलच्या दर सोळा रेणूंमागे पाण्याचा एक. तुम्ही शुद्ध इथेनॉल समजून जे मापलं ते मिश्रणच होतं. मी सुरुवातीच्या काळात जुलैत केलेली एक संपूर्ण मालिका जानेवारीत पुन्हा केली तेव्हा शिखरं वेगळीच आली. दोष ना उपकरणाचा होता ना द्रावकाचा, नुसतं झाकण सैल राहिलेल्या बरणीचा. तेव्हापासून पावडर निर्वात ओव्हनमध्ये वाळवल्याशिवाय, आणि कार्ल फिशर पद्धतीने पाणी मोजल्याशिवाय, मी वजन करत नाही. तुम्ही तुमच्या नमुन्यांचा ओलावा दिलेला नाही. पहिलं काम तेच करा.

दुसरं, आयन. बाजारच्या पीव्हीपीत थोडे क्षार राहतातच. विद्युतवाहकतेमुळे कमी वारंवारतेकडे ऱ्हासाचा डोंगर उभा राहतो. वाहकता ०.०१ सीमेन्स प्रति मीटर इतकी क्षुल्लक असली, आपल्याकडच्या बहुतेक नळांच्या पाण्याहून कमी, तरी १० मेगाहर्ट्झला ऱ्हासाच्या आकड्यात तिचा वाटा सुमारे १८ येतो. पीव्हीपीचं बिचारं शिखर त्याच्या पायथ्याशी गाडलं जातं. पाण्यातल्या द्रावणात तुम्हाला ते 'नीट दिसत नाही' असं तुम्ही लिहिलं आहे, त्याचं कारण मला हेच वाटतं. डायलिसिस करा, म्हणजे पातळ पडद्यातून क्षार धुऊन काढा. आणि ऱ्हासाच्या जोडीला पराविद्युतांकाच्या वास्तव भागाचा (क्षेत्राबरोबर वळणाऱ्या भागाचा) उतारही आखा, त्यात वाहकतेचा डोंगर येत नाही.

तिसरं, उपकरणाची पट्टी. टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्रीत पस्तीस-चाळीस पिकोसेकंदांत चढणारा व्होल्टेजचा स्पंद नमुन्यावर आपटून परत येतो आणि त्यावरून १० मेगाहर्ट्झ ते २०-३० गिगाहर्ट्झपर्यंतचं वर्णपट मिळतं. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात या पद्धतीवर अनेक दशकं काम झालं आहे. अल्कोहोल, अमाइड आणि पाण्याच्या मिश्रणांची कितीतरी मोजमापं तिथून आली. तुम्ही जवळपास असाल तर तिथल्या जुन्या प्रबंधांची कपाटं उघडा, तुमच्या द्रावकांची संदर्भमूल्यं तुम्हाला आयती मिळतील. पण लक्षात ठेवा, पाण्याचं १९ गिगाहर्ट्झचं शिखर या पट्टीच्या अगदी काठावर आहे. तिथे अर्धंच शिखर दिसतं, आणि अर्ध्या शिखरावर चार-पाच मोकळे आकडे बसवले की हवं ते उत्तर मिळतं. पाण्याच्या नमुन्यांसाठी ४०-५० गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा नेटवर्क अॅनालायझर मिळाला तर बघा. इथेनॉल आणि ग्लायकॉलसाठी रिफ्लेक्टोमेट्री उत्तम आहे.

आकडे बसवताना द्रावकाच्या शिखराला कोल-कोल आणि पॉलिमरच्या शिखराला हॅव्हरिलियाक-नेगामी, शिखराच्या आकाराची ही दोन सूत्रं पुरे. तिसरं शिखर केवळ चूक कमी होते म्हणून घालू नका. तिसऱ्या शिखराला रेणू कोणता हे सांगता येत नसेल तर ते नाहीच असं माना.

शेवटी, तुम्ही जाता जाता विचारलेला प्रश्न: औषधांच्या गोळ्यांशी याचा काय संबंध? जवळचा आहे. ओल्या ग्रॅन्युलेशनमध्ये (पावडर ओली करून दाणे पाडताना) पीव्हीपी बाइंडर म्हणून वापरतात, आणि न विरघळणारं औषध पीव्हीपीत अस्फटिक रूपात विखरून ठेवायची पद्धतही रूढ आहे. कोरड्या पीव्हीपीचं काचसंक्रमण, म्हणजे ज्याच्या खाली साखळी काचेसारखी गोठते ते तापमान, १६० ते १८० अंशांवर असतं. म्हणजे खोलीत ते काच आहे, साखळी गोठलेली, औषधाचा रेणू जागच्या जागी. पाणी शिरलं की हे तापमान झरझर उतरतं, आणि वजनाने वीसेक टक्के पाण्याला खोलीच्या तापमानापर्यंत येतं. मग साखळी हलू लागते आणि औषध स्फटिक बनायला मोकळं होतं.

याहून बारीक गोष्ट काचसंक्रमणाच्या खाली घडते. साठ टक्क्यांच्या वर पीव्हीपी असलेलं पाण्यातलं द्रावण थंड केलं तर बर्फ होत नाही, काच होते. साखळीचं शिखर मंद होत होत मापनाच्या बाहेर जातं. पाण्याचं शिखर मात्र जात नाही. काचसंक्रमणाच्या वर त्याच्या काळाचा तापमानाशी असलेला आलेख वाकडा असतो, खाली आल्यावर तो सरळ रेषा होतो, सुमारे ५० किलोजूल प्रति मोलच्या सक्रियण ऊर्जेचा. म्हणजे दोन-अडीच हायड्रोजन बंध तोडण्याइतकी ऊर्जा. पिंजरा गोठला तरी आत पाणी एकेक हात सोडत-धरत वळतच राहतं. गोळी बाहेरून दगडासारखी टणक असली तरी तिच्यातलं पाणी थांबलेलं नसतं, आणि पाण्याने होणारं औषधाचं विघटनही त्यामुळे थांबत नाही. म्हणून साठवणुकीच्या चाचणीत नुसतं काचसंक्रमणाचं तापमान देऊन समाधान मानणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो.

तुमच्या पुढच्या मापनांत मी हा क्रम ठेवेन: आधी ओलावा आणि डायलिसिस, मग इथेनॉलमध्ये तीन रेणुभार, मग ग्लायकॉल आणि १-प्रोपॅनॉलची जोडी. पाण्यातला नमुना सर्वांत शेवटी घ्या, तोच सर्वांत अवघड आहे. ग्लायकॉल आणि प्रोपॅनॉलमधली पीव्हीपीची दोन शिखरं हाती आली की व्हिस्कॉसिटीचे आकडेही सोबत कळवा, दोन्ही आलेख आपण एकत्र बसून पाहू.